लक्ष्मीअक्कांची तब्येत

जे. पी. नगरात वासुदेव जगतापचं घर कुणाला विचारायची गरज पडत नसे, कारण त्याच्या दारात उभी असलेली गाडी लांबूनच दिसे. उंच, चौकोनी, शेवाळी रंगाची. पुढच्या बंपरवर तारेचा दोर गुंडाळलेलं विंच, मागे साखळ्या, फावडी आणि चिखलात टाकायच्या फळ्या. त्या गल्लीतल्या गुळगुळीत मोटारींमध्ये ती उभी राहिली की लग्नाच्या पंगतीत कुणी नांगर घेऊन बसल्यासारखं वाटे. तिचं नाव घोरपड.

घोरपडी होसकोट्याला बनत. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या टोकाला बिंदुमाधवअण्णांचा कारखाना होता, आणि डोंगरात, रानात, चिखलात चालणारी ही एकच गाडी ते गेली कित्येक वर्षं बनवत आले होते. वर्षाला जेमतेम चार-पाच डझन. घेणारे म्हणजे कॉफीमळेवाले, सुपारीवाले आणि सुट्टी मिळाली की मुद्दाम वाईट रस्ता शोधत जाणारे हौशी लोक. नाव वाईट आहे, बदला, असं सगळ्यांनी अण्णांना सांगून पाहिलं. अण्णा म्हणायचे, चिकटली की सोडत नाही, मग तिला दुसरं काय म्हणू.

पण लोक घोरपड घेत ते तिच्या चिकटपणापेक्षा ‘हाके’साठी. मोठ्या कंपनीची गाडी अडकली की लोक हेल्पलाइनला फोन करत, आणि तिथली मुलगी गोड आवाजात सर्वात जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते सांगे. घोरपड अडकली की लोक अण्णांना फोन करत आणि वासुदेव निघे. मडिकेरी असो, सकलेशपूर असो, पाऊस असो, सण असो. गाडी ओढून वर काढायची, मळेवाल्याच्या घरी जेवायचं आणि परतायचं. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा अण्णांचा शिरस्ता. हाकेची गाडी म्हणूनच वासुदेवच्या दारात असे. सगळ्या मलनाडात, त्या डोंगराळ पट्ट्यात, त्याला लोक ‘वासुअण्णा’ म्हणून ओळखत आणि अंगणात दिसला की पानावर एक जास्तीची भाकरी वाढत. या कौतुकाची त्याला सवय लागली होती. माणसाला कौतुकाची सवय लागली की ते कमी पडायला लागतं, तसंच त्याचं झालं.

कारण कारखान्याचे दिवस बरे नव्हते. धुराचे नवे नियम आले की गाडीची नवी परीक्षा, आणि ती परीक्षा पाच डझन गाड्या बनवणाऱ्यालाही तेवढीच द्यावी लागते जेवढी पाच लाख बनवणाऱ्याला. इंजिनवाले म्हणत, एवढी कमी इंजिनं आम्ही देत नाही. चांगले फिटर दुसरीकडे जात. एक मोठी कंपनी कधीपासून अण्णांच्या मागे होती, की कारखाना आम्हाला विका, नाव आम्ही सांभाळू. अण्णा दर वेळी त्यांना कॉफी पाजून परत पाठवत. “मी आणि वासू हाकेला जातोय तोवर बघू,” असं ते म्हणत, आणि वासुदेव शेजारी उभा राहून मान डोलावत असे.

मान डोलावणाऱ्या वासुदेवच्या मनात मात्र भलतंच चाललेलं होतं. वय पन्नाशीपार. पाठ धरायला लागली होती. नातेवाइकांच्या लग्नात कुणी विचारलं, कुठे असता, तर ‘घोरपड’ म्हटल्यावर लोक हसत. अशात लक्ष्मीदेवीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, पुण्याहून आलेला भाचा प्रणीत त्याच मोठ्या कंपनीत लागला. तो म्हणाला, काका, प्रॅक्टिकल व्हा ना, अण्णा आज ना उद्या विकणारच, मग तेव्हा लाइनीत उभं राहण्यापेक्षा आत्ताच आत या, मी तुमचं नाव टाकलंय. वासुदेव आधी नको म्हणाला. नंतर विचार करतो म्हणाला. मग लक्ष्मीदेवीला निळा शर्ट इस्त्री करून ठेवायला सांगितलं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी त्याने अण्णांना फोन केला. रजा हवी, एवढं म्हणाला असता तरी अण्णांनी दिली असती. पण हाकेच्या माणसाने नुसतीच रजा मागितली असं कधी झालंच नव्हतं, तेव्हा कारण मोठं पाहिजे असं त्याला वाटलं, आणि तोंडातून निघून गेलं की लक्ष्मीच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेतोय. लक्ष्मीदेवी तेव्हा आतमध्ये डोशाचं पीठ ढवळत होती. अण्णांचा आवाजच बदलला. म्हणाले, आधी तिला बघ, इकडचं मी बघतो. फोन ठेवल्यावर वासुदेवला क्षणभर स्वतःचीच किळस आली. मग ऑटो आला आणि तो त्यात बसला. गाडी त्याने नेली नाही. बेळ्ळंदूरला कंपनीच्या दारात घोरपड दिसली असती तर सगळं शहर विचारत आलं असतं.

कंपनीचं ऑफिस काचेचं होतं. बाहेर सडक्या तळ्याचा वास होता, आत नव्हता. शिल्पाश्री नावाच्या बाईंनी त्याला चांगल्या कपात कॉफी दिली आणि अगदी आदराने विचारलं, की तुमची गाडी काही फार देखणी नाही, तरी लोक दुसरी का घेत नाहीत. वासुदेव खुलला. खुर्चीत पुढे सरकून हाकेबद्दल सांगायला लागला. कुठे कुठे गेलो, कशा गाड्या काढल्या, फोन आला की आपण उठतोच, जेवणाच्या पानावरून उठतो. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने हळूच काढून पाहिलं, अण्णा होते. त्याने कट केला. दोन वाक्यं बोलतो तोवर पुन्हा अण्णा. या वेळी त्याने फोन बंदच केला आणि माफ करा म्हणाला. शिल्पाश्रीबाई म्हणाल्या, हेच आम्हाला हवंय, कस्टमरसाठी ही तळमळ. वासुदेवने हसून मान डोलावली. तिथे त्याला अजून लाज वाटत नव्हती, हे पुढे त्याला फार दिवस आठवत राहिलं.

संध्याकाळी फोन चालू केला तेव्हा कारखान्यातला वेल्डर विनोदकुमार याने सगळं सांगितलं. सकलेशपूरजवळच्या सुब्बारावांची घोरपड ओल्या उतारावरून घसरून ओढ्याच्या काठावर अडकली होती, सुब्बाराव आतच होते, दार उघडत नव्हतं. अण्णांनी वासुदेवला दोनदा फोन केला. लागला नाही, तेव्हा म्हणाले, दवाखान्यात असेल बिचारा, आणि अंगणात पडलेली सगळ्यात जुनी गाडी घेऊन विनोदसकट स्वतः निघाले. त्या गाडीचं विंच मध्येच सुटायचं, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथेही ते सुटलं. सुब्बाराव सुखरूप वर आले, पण दोराच्या हिसक्याने अण्णा दगडांवर पडले. खांद्याचं हाड आणि हात, दोन्ही मोडले. वासुअण्णांना कळवू नका, त्यांच्या घरी आधीच आजार आहे, असं अण्णांनी बजावलं होतं, पण मला राहवलं नाही, असं विनोद म्हणाला. मग त्याने विचारलं, अक्का कशा आहेत.

“बऱ्या आहेत,” वासुदेव म्हणाला. सगळ्यात चांगलं विंच असलेली गाडी त्या दिवशी सकाळपासून त्याच्या दारात उभी होती. खिडकीतून ती दिसत होती, म्हणून त्याने पडदा ओढून घेतला.

पुढचे आठ-दहा दिवस तो कारखान्यात मान खाली घालून काम करत होता. जो तो येऊन अक्कांची चौकशी करी. कुणी चांगला डॉक्टर सुचवी, कुणाच्या घरून काढा येई. काढ्याची बाटली तो वाटेतच रिकामी करी आणि धुऊन परत देई. एकदा सांगून टाकावं, असं त्याला रोज वाटे. पण रोज ते आदल्या दिवसापेक्षा जास्त अवघड झालेलं असे.

मग एका रविवारी सकाळी अण्णांचा फोन आला. “वासू, मी मेट्रोत आहे. लक्ष्मीअक्काला बघायला येतोय.”

वासुदेवने फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून त्याने लक्ष्मीदेवीला सगळं सांगितलं. नवरा मुलाखतीला गेला होता हे ती जाणून होती, रजा कशी घेतली ते तिला ठाऊक नव्हतं. हातातला चमचा खाली ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली.

“मला आजारी पाडलंत तुम्ही?”

“एवढी एक वेळ झोप. पुन्हा नाही म्हणणार.”

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. वासुदेवने तिच्या अंगावर शाल घातली, स्टुलावर औषधांच्या जुन्या पट्ट्या मांडल्या, पाण्याचा तांब्या ठेवला. चांगल्या धडधाकट बायकोची उशी त्याने सारखी केली. दारावरची घंटा वाजली तेव्हा त्याने जाता जाता खोलीतला पंखाही कमी केला.

अण्णा खूप वाळले होते. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात पिशवी, तिच्यात मोसंबी आणि दोन शहाळी. ज्याने आयुष्यभर स्वतःची गाडी चालवली तो माणूस होसकोट्याहून आधी बस, मग मेट्रो, मग मेट्रो बदलून पुन्हा मेट्रो, असा ते ओझं घेऊन आला होता. पिशवी घ्यायला वासुदेव पुढे झाला तर म्हणाले, राहू दे, अक्कालाच देतो. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी लक्ष्मीदेवीला विचारलं, दुखणं थांबलं का, रात्री झोप लागते का. ती शालीतून हो, नाही एवढंच म्हणाली. उठू नको, म्हणाले, मी काय परका आहे. वासुदेव आत जाऊन कॉफी करून घेऊन आला, तेवढंच त्याला तिथून सुटता आलं.

कॉफीचा पेला हातात घेऊन अण्णांनी एक घोट घेतला. मग बोलले.

“वासू, परवा सही करतोय. कारखाना देऊन टाकतो त्यांना.”

वासुदेवने त्यांच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

“माझ्या हातामुळे नाही रे. हात जुळेल. पण त्या दिवशी दगडावर पडल्या पडल्या एक डोक्यात आलं. माझा माणूस बायकोला घेऊन दवाखान्यात पळतोय आणि मी त्याला हाकेचे फोन करतोय. आपल्याकडे ना धड विमा, ना काही. उद्या अक्काला मोठं काही निघालं तर तू काय करशील? ते लोक सगळ्यांना घेतो म्हणालेत, घरच्यांचा दवाखाना पण बघतात. मी एकच अट घातली, पहिलं नाव लक्ष्मीअक्काचं. सरी, चालेल म्हणाले.”

हे बोलताना त्यांच्या आवाजात कुठेही उपकार नव्हता. होती ती फक्त काळजी, आणि तीही एका खोट्या दुखण्याची. सांगायला वासुदेवला वेळ होता, हे खरं. अण्णांनी उरलेली कॉफी सावकाश प्यायली, पेला खाली ठेवला, रुमालाने मिशी पुसली. तेवढ्या वेळात माणूस काहीही सांगू शकतो. वासुदेवने सांगितलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे मनातल्या एका कोपऱ्याने हिशेबही केला, की सही झाली तर मग मुलाखतीचं कुणाला कळायचंच नाही.

लक्ष्मीदेवी उठून बसली. शालीची घडी घालून तिने पायथ्याशी ठेवली.

“अण्णा, सही करू नका. मला काही झालेलं नाही. त्या दिवशीही झालं नव्हतं.”

अण्णांना आधी ते कळलंच नाही. आजारी माणसं असं बोलतात, म्हणून त्यांनी तिला पडून राहायला सांगितलं. ती पडली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढचं त्याच्यावर सोडलं. तेव्हा कुठे वासुदेव बोलला. बेळ्ळंदूरचं ऑफिस, प्रणीत, शिल्पाश्रीबाई, सगळं बोलला, आणि बोलताना सारखा जमिनीकडे बघत होता.

“मी फोन केला तेव्हा कुठे होतास?”

“आतच.”

“वाजलेला कळला?”

“हो, अण्णा.”

अण्णा रागावले नाहीत. त्यांचा चेहरा म्हाताऱ्या माणसाचा झाला, इतकंच. उठताना त्यांना एका हाताने खुर्चीचा आधार घेता येईना. वासुदेव धरायला गेला, पण त्यांनी लक्ष्मीदेवीचा हात धरला. मी गाडीने सोडतो, असं वासुदेव म्हणाला, तर मेट्रो आहे म्हणाले. दाराशी थांबून त्यांनी उद्या हाकेची गाडी कारखान्यात आणून लावायला सांगितलं, आणि लक्ष्मीदेवीला म्हणाले, शहाळं आजच फोडून घे अक्का, उन्हातून आलंय.

ते गेल्यावर ती रडली. वासुदेवशी ती कित्येक दिवस कामापुरतंच बोलत होती.

सही झाली नाही. मोठ्या कंपनीची माणसं पुन्हा येऊन पुन्हा कॉफी पिऊन गेली. प्रणीतचा फोन आला की काका, सिलेक्ट झालात, तेव्हा वासुदेवने नाही म्हणून सांगितलं. त्यात बाणेदारपणा काही नव्हता. कुठे जाऊन तोंड दाखवायची हिंमतच त्याच्यात उरली नव्हती. हाकेच्या गाडीची किल्ली विनोदकुमारला मिळाली आणि वासुदेव सांगाडे जोडण्याच्या कामावर लागला. का, ते अण्णांनी कुणालाही सांगितलं नाही. एका शब्दानेसुद्धा नाही. त्यामुळे सगळ्या कारखान्याने आपला सरळ अर्थ काढला, की अक्कांना बरं नसतं म्हणून अण्णांनी वासुअण्णांना लांबच्या फेऱ्यांतून सोडवलं. मालक असावा तर असा, असं लोक वासुदेवलाच येऊन सांगत. सकलेशपूरहून सुब्बाराव अक्कांसाठी मधाच्या बाटल्या पाठवू लागले. लक्ष्मीदेवी त्यांना हात लावत नसे आणि टाकूनही देत नसे. फडताळात त्या एका रांगेत उभ्या होत्या.

दसऱ्यातल्या आयुधपूजेला दर वर्षी लांबलांबून घोरपडी होसकोट्याला येत. त्यांना धुऊन, केळीचे खुंट बांधून ओळीने लावायचं, आणि लक्ष्मीदेवीने प्रत्येकीला हळदकुंकू लावायचं, ही पद्धत. या वर्षी ती येणार नव्हती. पण अण्णांचाच निरोप आला, की अक्का दिसली नाही तर लोक घाबरतील. तेव्हा ती हिरवं लुगडं नेसून आली. तिला पायावर चालत येताना पाहून कारखान्यातल्या लोकांना जो आनंद झाला तो खरा होता, आणि म्हणूनच वासुदेवला तो बघवत नव्हता. कुंकवाचं ताट घेऊन तो तिच्या मागे चालत होता.

तेवढ्यात विनोदकुमार फाटकातून आत आला. तो तिरुपतीहून थेट येत होता. विनोदच्या केसांची सगळा कारखाना चेष्टा करी. वेल्डिंगची टोपी काढली की तो आधी कंगवा काढायचा आणि मग पाणी प्यायचा. आता डोक्यावर एकही केस नव्हता, चंदन लावलेला कोरा गोटा होता. तो लक्ष्मीदेवीसमोर येऊन वाकला आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, “अक्का, तुमच्यासाठी बोललो होतो देवाला. बरं झालं तर मुडी देतो, सगळे केस, म्हणून.”

लक्ष्मीदेवीने त्या डोक्यावर हात ठेवला. डोक्यावरचा हात तसाच ठेवून तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

वासुदेवने हातातलं ताट खाली ठेवलं. आता मात्र त्याला राहवेना. सगळ्यांसमोर सांगायचं, या इथेच, असं म्हणून तो एक पाऊल पुढे झाला आणि त्याने तोंड उघडलं. पण अण्णा जवळच उभे होते. त्यांनी बऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं. ते इतक्या हळू बोलले, की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं.

“आता गप्प बस, वासू. बोलून तू मोकळा होशील. केस त्याचे गेलेत.”

वासुदेवने तोंड मिटलं. लोक कोहळा फोडायला बोलावत होते. विनोद हाकेच्या गाडीत जाऊन बसला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली, आणि गाडी पुढे निघताना त्याने खिडकीतून हात काढून वासुदेवला नमस्कार केला. वासुदेवने तो नमस्कार घेतला.